लिपलेली भिंत आणि काचेची पाटी

जबलपूर शहर उत्तरेकडे विरळ होत जाते तिथे अधारताल लागते आणि त्याच्या पुढे महाराजपूर. अधारतालला नाव मिळाले ते राणी दुर्गावतीचा दिवाण अधारसिंह याच्यावरून. गढा-मंडल्याचे गोंड राज्य असे आमच्या पत्त्यात आणि रिक्षावाल्याच्या हाकेत शिल्लक आहे. मी याच भागात वाढलेली मराठी मुलगी. आमच्यासारखी घरे इथे आली ती वेगवेगळ्या निमित्तांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर पोचला, १८१७ नंतर इंग्रज आले, पुढे जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात राहिले आणि १९५६ पर्यंत राजधानी नागपूरच होती. कोणी कचेरीत आले, कोणी रेल्वेत, कोणी तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात. घरात मराठी आणि दारात हिंदी. पुढे मी तौलनिक साहित्यात एम.ए. केले आणि भाषांतर हा पोटापाण्याचा धंदा झाला, पण त्याची शिकवणी त्या उंबरठ्यावरच झाली होती.

आमच्या गल्लीत एक परधान चित्रकार राहतात. पन्नाशी ओलांडलेले, गाव डिंडोरीकडचे. मी त्यांना दादा म्हणते, ते वयाने मोठे असूनही मला दीदी म्हणतात. मागच्या वर्षी मुलांच्या एका पुस्तकाचे मराठी भाषांतर माझ्याकडे आले आणि चित्रे त्यांच्याकडे गेली. प्रकाशन संस्थेला कागदावरची चित्रे नको होती, थेट डिजिटल हवी होती. दादांची मुलगी कॉलेजात शिकते. तिने जुना टॅब्लेट आणि त्याचा पेन स्वस्तात मिळवला आणि बापाची शिकवणी सुरू झाली. मजकूर समजावून सांगायच्या निमित्ताने मी रोज संध्याकाळी तिथे असायची.

पहिला आठवडा काचेशी भांडण्यात गेला. भिंत रंग ओढून घेते, कागद पेन धरून ठेवतो, काच काहीच धरत नाही. पेन घसरतो आणि रेघ हाताच्या आधीच पुढे जाते. दुसरी अडचण मोठे करून पाहण्याची. दोन बोटे फाकवली की हरणाचा कान ताटाएवढा होतो. दादांनी तो कान रात्रभर बारीक रेघांनी भरला. सकाळी चित्र मूळ आकारात आणले तर सगळ्या रेघा मिळून नुसता राखाडी डाग. तिसरी अडचण रंगाची. पडद्यावर झळाळणारा हिरवा छापून आणला तेव्हा शेवाळासारखा निघाला. पडदा प्रकाशाने रंगतो आणि कागद शाईने, हे मुलीने त्यांना समजावले. एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्याच दिवशी आवडली, ती म्हणजे चुकलेली रेघ मागे घेणे. तिला मुलगी 'अनडू' म्हणायची. दादा म्हणायचे, ''लीप दो.'' लिपून टाक.

हा शब्द ऐकून मी घरी आले आणि जुनी पुस्तके काढली. कारण या चित्रांचा इतिहास लिपण्यापासूनच सुरू होतो.

परधानांच्या आणि गोंडांच्या घरांत सण आला, लग्न ठरले की भिंत आणि अंगण शेणमातीने लिपले जाते आणि त्यावर बायका डिगना काढतात: चौकोन, त्रिकोण, एकात एक गुंतलेल्या पट्ट्या. रंग जवळच्या मातीचे. पांढऱ्याला छुई, पिवळ्याला रामरज, लालला गेरू, काळ्याला कोळसा. पावसाळ्यात हे सगळे ओघळते आणि पुढच्या सणाला पुन्हा नव्याने लिपले जाते. जपून ठेवणे हा त्या कलेचा हेतूच नव्हता; दरवर्षी हाताने पुन्हा आठवणे हा होता.

परधान म्हणजे मुळात गोंडांचे गाणारे. ठरलेल्या गोंड यजमानांकडे दर तीन वर्षांनी जायचे, तीन तारांचा बाना वाजवायचा, वंशावळ आणि बडादेवाच्या कथा गायच्या, धान्य, कापड, जनावर दान घ्यायचे. गोंडांचा इतिहास परधानांच्या गळ्यात होता. हे जग इंग्रजीत पहिल्यांदा सविस्तर मांडले ते एका मराठी माणसाने, ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही. शामराव हिवाळे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात होते. तिथे त्यांची व्हेरियर एल्विनशी मैत्री जमली आणि १९३२ मध्ये दोघे मैकल डोंगरात, करंजियाला राहायला गेले. पुढे त्यांचा मुक्काम पाटणगढलाही होता. १९३५ चे 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' आणि १९४४ चे 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' या दोन्ही पुस्तकांवर एल्विनबरोबर हिवाळ्यांचे नाव आहे. १९४६ मध्ये आलेले 'द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली' हे तर एकट्या हिवाळ्यांचे. जगाला एल्विन माहीत आहे. हिवाळे तळटीपेत राहिले. भाषांतर करणाऱ्याला ही जागा ओळखीची वाटते.

गळ्यातून कथा पुस्तकात गेली, तरी भिंत अजून भिंतच होती. ती कागदावर आली १९८१ मध्ये. भोपाळला भारत भवन उभे राहत होते. तिथल्या रूपंकर संग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्याकडे होती आणि त्यांनी तरुण कलाविद्यार्थ्यांची पथके गावोगाव पाठवली होती. त्यातले एक पथक पाटणगढला पोचले. तिथे एका भिंतीवरचे चित्र पाहून त्यांनी चौकशी केली आणि त्यांना जनगढ सिंह श्याम हा विशीतला परधान मुलगा भेटला. त्याला कागद आणि तयार रंग दिले गेले. १९८२ च्या फेब्रुवारीत भारत भवन सुरू झाले, जनगढ भोपाळला राहायला आला आणि तिथल्या ग्राफिक विभागात काम करू लागला. म्हणजे कागदाबरोबर छपाईही शिकला. आज आपण पाहतो ती 'गोंड चित्रकला' प्राचीन आहे असे बाजारात सांगतात. तिची बीजे जुनी आहेत, पण कागदावरचा तिचा हा अवतार माझ्याहून थोडासाच मोठा आहे. उदयन वाजपेयी यांनी तिला 'जनगढ कलम' म्हटले ते म्हणूनच योग्य आहे. एका माणसाच्या हातून सुरू झालेली ती शैली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. दहा-एक वर्षे आधी डहाणूच्या वारली पाड्यांवर असेच घडले होते. तिथे लग्नाच्या वेळी देवचौक लिहायच्या त्या सवाशिणी, तांदळाच्या पिठाने, मातीच्या भिंतीवर. हस्तकला मंडळाच्या कामासाठी फिरणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे कागद घेऊन गेले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात त्यांनी मधुबनीच्या बायकांपर्यंतही कागद पोचवला होता. डहाणूत त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. लग्नविधीपुरते नव्हे तर रोज चित्र काढणारा हा पुरुष पुढे जगभर गेला, २०११ मध्ये पद्मश्री झाला आणि २०१८ मध्ये वारला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक हिशेब दिसतो. भिंत बायकांची होती. कागद आला तेव्हा पहिले मोठे नाव दोन्ही ठिकाणी पुरुषाचे झाले. भिंतीला किंमत नव्हती आणि सही नव्हती. कागदाला दोन्ही आल्या. नवे माध्यम शिकणे म्हणजे नवे हत्यार हाताळणे एवढेच नसते. काम कोणाच्या नावावर, आणि ते किती काळ टिकणार, हेही त्याच्याबरोबर बदलते.

सहीबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रश्न तिथेच आहे. जनगढ कलमेत आकृतीची बाह्यरेषा आधी काढतात आणि मग आतली जागा भरतात: ठिपके, तुटक रेघा, अर्धचंद्र, माशाच्या खवल्यांसारख्या ओळी. प्रत्येक चित्रकाराची भरण वेगळी. जाणकार माणूस खालचे नाव न वाचता भरण पाहून चित्र कोणाचे ते सांगतो. आमच्या दादांची भरण म्हणजे समोरासमोर दोन बारीक कमानी आणि मध्ये एक ठिपका. ते म्हणतात, हा कुटकीचा दाणा आहे, आई पाखडायची तेव्हा सुपात दिसायचा तसा.

जनगढ पुढे फार लांब गेला. भोपाळच्या भारत भवनात आणि विधान भवनात त्याची भित्तिचित्रे आहेत. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या 'मॅजिशियन्स द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्याचे काम होते. गावाकडचे नातेवाईक त्याने भोपाळला आणले, हाताशी घेतले, शिकवले. आणि ३ जुलै २००१ रोजी जपानमधल्या निईगाता प्रांतात, तोकामाचीच्या मिथिला म्युझियममध्ये चित्रे काढण्यासाठी गेलेला असताना, त्याचा मृत्यू झाला. आत्महत्या अशी बातमी आली. भारतातल्या चित्रकारांनी आणि लेखकांनी चौकशीची मागणी केली, लोककलावंत परदेशी कोणत्या अटींवर राबतात हा प्रश्न विचारला. जनगढ तेव्हा चाळिशीच्या आसपासचा होता. दादा त्याच्याबद्दल कमी बोलतात. एकदाच म्हणाले, ''कागदावर काय लिहिले होते ते त्याला कोणी वाचून दाखवले होते का, दीदी?''

जनगढनंतर त्याच्या घरातल्यांनी आणखी एक माध्यम शिकून घेतले: पुस्तक. पुतण्या भज्जू श्याम एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला लंडनला गेला होता. त्या अनुभवाचे 'द लंडन जंगल बुक' २००४ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने काढले. त्यात बिग बेनचे घड्याळ कोंबडा झाले आहे, कारण गावात वेळ कोंबडा सांगतो. आणि विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती, एवढे जड धूड उडते तरी कसे, या आश्चर्याचा. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही भाषांतराच्या ज्या व्याख्या घोकल्या त्यांपेक्षा ही दोन चित्रे मला जास्त शिकवून गेली. २००६ च्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' मध्ये भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांची झाडे काळ्या कागदावर हाताने स्क्रीन प्रिंट केलेली आहेत. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. एक रंग छापायचा, वाळू द्यायचा, दुसरी जाळी नेमकी त्याच जागी बसवायची. टॅब्लेटवरच्या 'लेअर'ची कल्पना दादांना एका दिवसात कळली याचे मुलीला नवल वाटले. मला वाटले नाही. रंग थरांत वेगळे करण्याची पद्धत त्यांच्या मंडळींनी आधीच पाहिलेली होती.

पण मराठी वाचकाने आवर्जून पाहावे असे पुस्तक म्हणजे 'भीमायन'. ते २०११ मध्ये नवयानने काढले. चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. सुभाष हे जनगढची पत्नी ननकुसिया हिचे भाऊ. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. विषय डॉ. आंबेडकरांना भोगावी लागलेली अस्पृश्यता: साताऱ्याहून कोरेगावला निघालेल्या मुलांना पाणी आणि गाडी न मिळणे, बडोद्यात राहायला जागा न मिळणे, दौलताबादच्या किल्ल्यातले पाणी. या आठवणी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. व्याम दांपत्यापुढे कॉमिक्सचे नमुने ठेवले गेले तेव्हा त्यांनी चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यांत कोंडायचे नाही, त्यांना मोकळी हवा हवी, अशी त्यांची भूमिका होती. मग पानांची विभागणी त्यांनी डिगनाच्या वळणदार पट्ट्यांनी केली. भल्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात ठेवले आणि विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. अंगणात बायका काढायच्या तो डिगना असा आंबेडकरांच्या चरित्राचे व्याकरण झाला. दुर्गाबाई तो लहानपणी घरातल्या बायकांकडून शिकल्या होत्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदाबरोबर बायकांच्या हातून जे नाव निसटले होते, ते पुस्तकाच्या पानावर काही अंशी परत आले.

हे सगळे वाचून मी निश्चिंत झाले होते. ज्यांनी भिंतीवरून कागद, कागदावरून जाळी, जाळीवरून कॉमिक्स पेलले, त्यांना काचेचे काय एवढे, असे मला वाटत होते. तेवढ्यात करारनामा आला.

तीन पाने, इंग्रजी. दादांनी मला वाचून दाखवायला सांगितले. मी वाक्य वाचायची आणि हिंदीत सांगायची. दुसऱ्या पानावर एक अट होती: अंतिम चित्रांबरोबर कामाच्या सर्व फाइली, लेअर आणि या कामासाठी तयार केलेले ब्रश सुपूर्द करावेत. मी सांगितले, ''चित्रं, फाइली आणि ब्रश द्यायचे आहेत.'' दादा हसले. ''ब्रश घेऊन काय करणार? झिजले की आपण टाकतोच. देऊ.'' आणि त्यांनी सहीसाठी पेन मागितला. मुलगी घरी नव्हती. ती आल्यावर सही करू म्हणून कागद तसाच राहिला, एवढेच नशीब.

रात्री झोपताना माझ्या लक्षात आले की मी चुकीचे भाषांतर केले आहे. शब्द बरोबर होता, अर्थ चुकला होता. मागच्याच आठवड्यात मुलीने बापाच्या भरणीतून एक डिजिटल ब्रश तयार केला होता: दोन कमानी, एक ठिपका. एकदा पेन ओढला की कुटकीच्या दाण्यांची अखंड रांग उमटायची. आठ तासांचे हरीण अर्ध्या तासात भरून झाले होते. करारातला ब्रश तो होता. तो कोणाच्याही टॅब्लेटवर टाकता येतो आणि कोणीही त्याने हरीण भरू शकतो. कागदावरच्या भरणीची नक्कल करायची तर नक्कल करणाऱ्यालाही आठ तास बसावे लागते. ते आठ तास हेच आजवर दादांचे संरक्षण होते.

सकाळी जाऊन मी हे सांगितले. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''म्हणजे हात मागतायत.''

आम्ही कायदा पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावर चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत. पण आमच्या करारात दोन्ही नमूद होते: कायमसाठी आणि जगभर. शिवाय कायदा चित्राला संरक्षण देतो, शैलीला नाही. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने त्या नावाचे रक्षण होते. एका माणसाच्या दोन कमानी आणि एक ठिपका यांचे होत नाही.

मी संस्थेला पत्र लिहिले, मग फोन केला, मग पुन्हा पत्र. ब्रश आणि लेअर हे शब्द त्यांनी खोडले. 'कायमसाठी' आणि 'जगभर' हे खोडले नाहीत. दादांनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. घरभाडे होते, मुलीची फी होती. मला तो विजय वाटला नाही आणि त्यांना हार वाटली नाही. ते म्हणाले की पूर्वी वाचून न दाखवताही सह्या केल्या आहेत.

मुलीने केलेला ब्रश त्यांनी पुसला नाही. तो वापरतात, पण वेगळ्या कामाला. आधी त्याने पटकन हरीण भरून दाट कुठे आणि विरळ कुठे हे पाहून घेतात, मग तो थर लिपून टाकतात आणि पुन्हा हाताने भरतात. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी हरणाची मान मोठी करून दाखवली. मशीनचे दाणे मानेवरही पाठीसारखेच सरळ चालले होते. हाताने भरलेले दाणे मान वळते तिथे एकमेकांच्या जवळ येत होते, आतल्या बाजूला दाट आणि बाहेरच्या बाजूला सुटे, हरणाने मागे वळून पाहावे तसे.

पुस्तक आता छापून आले आहे. आतल्या पानावर चित्रकार म्हणून दादांचे नाव आहे, त्याखाली भाषांतरकार म्हणून माझे. दिवाळीआधी ते गावी गेले, घराची भिंत लिपायला. मुलगी सोबत गेली. टॅब्लेट तिने माझ्याकडे ठेवला, तिकडे वीज जाते म्हणून. मी तो रोज चार्जिंगला लावते, उघडत नाही.